भीतीचा रकाना

सोबतीच्या नोंदीत रणजित शेलारचं नाव सलग एकवीस दिवस लाल अक्षरांत आलं, आणि बाविसाव्या दिवशी शाळेनं त्याच्या बायकोला बोलावून घेतलं.

केतकीला वाटलं, मुक्ता पडली-बिडली असेल. तिसरीतली पोर, एक जागी ठरत नाही. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत मुक्ता नव्हती. मुख्याध्यापकही नव्हते. खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, मांडीवर टॅबलेट.

"मी फरीदा मुल्ला. बालरक्षा विभागातून आलेय. दार लावून घ्या आणि बसा."

केतकी बसली.

"घरात कोण कोण असतं?"

"मी, मुक्ता आणि तिचे बाबा. ते वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर असतात, पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर. सकाळी जातात, संध्याकाळी येतात. का?"

मुल्ला मॅडमनी टॅबलेट तिच्यापुढे फिरवला. पडद्यावर एकाखाली एक एकवीस रेघा होत्या. प्रत्येक रेघ सकाळी सातला उसळत होती, दिवसभर डोकं वर ठेवत होती आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुन्हा चढत होती. सहा-चाळीसपर्यंत चढतच होती.

"सहा-चाळीसला कोण येतं घरी?"

"हे... मुक्ताचे बाबा."

"आणि सकाळी सातला तिला जवळ कोण घेतं?"

केतकीनं रेघेवर बोट ठेवलं. रणजित रोज निघताना मुक्ताला उचलून घ्यायचा, तिच्या कपाळाला कपाळ टेकवायचा. रेघेचं सगळ्यांत उंच टोक नेमकं तिथं होतं.

रेघेखाली मराठीत लिहिलं होतं : 'संबंधित व्यक्ती : वडील. भावना : भीती.'

तो शब्द केतकीनंच तिथं ठेवला होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस घाबरला की त्याला घाम येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या घामाला वेगळा वास असतो हे कुत्र्यांना. फ्रान्समधल्या काही संशोधकांनी त्याच्या पुढची पायरी गाठली. भीती एक नसते, आणि प्रत्येक भीतीचा घाम निराळा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पायाशी साप निघाला, तर मेंदूतली बदामाएवढी एक गाठ क्षणात पेटते आणि क्षणात विझते. पण 'उद्या काहीतरी वाईट होणार' ही भीती त्या गाठीच्या शेजारचा दुसराच भाग चालवतो, आणि ती मंद आचेवर तासन्‌तास शिजत राहते. दोन्ही वेळी रक्तात उतरणारी रसायनं वेगळी, म्हणून कातडीवरून उडणारे रेणूही वेगळे. ते रेणू हुंगणारी, तांदळाच्या दाण्याएवढी चिप त्यांनी बनवली. भीतीचे सात प्रकार सापडले, आणि त्या सातांना त्यांनी आपल्या भाषेतली सात नावं दिली.

मग ते यंत्र एका परदेशी कंपनीनं घेतलं, इंग्रजीत आणलं आणि मनगटावरच्या पट्टीत बसवलं. एका वसतिगृहातल्या मुलांचे हाल उघडकीला आल्यावर राज्यानं शाळकरी मुलांना ती पट्टी सक्तीची केली. नाव ठेवलं 'सोबती'. भीती चढते त्या वेळी जवळ कुणाचा फोन आहे, त्यावरून पट्टी माणूस ठरवायची. मूल कुणा मोठ्या माणसाला सलग एकवीस दिवस घाबरलं, तर चौकशी होईपर्यंत त्या माणसानं घराबाहेर राहायचं, असा नियम झाला. नियम चांगलाच होता. पहिल्या वर्षात कित्येक मुलं वाचली.

केतकी घरी बसून भाषांतरं करायची; पट्टीच्या मराठी आवृत्तीचं काम तिच्याकडं आलं. तिच्यापर्यंत पोचलेला भीतीच्या नावांचा तक्ता इंग्रजी होता, आणि त्यात सात नव्हे, तीनच शब्द होते : वरी, फियर, टेरर. तिनं लिहिलं : काळजी, भीती, दहशत. पुण्यात शिकताना तिनं तीन वर्षं फ्रेंच घेतलं होतं, म्हणून तिनं विचारलं होतं, मूळ तक्ता बघायला मिळेल का? "गरज नाही," असं उत्तर आलं. मुक्ता तेव्हा दोन वर्षांची होती, घरात दम खायला फुरसत नव्हती. केतकीनं फार ताणून धरलं नाही.

"मॅडम," ती आता म्हणाली, "यंत्राची काही चूक..."

"चार वर्षं मी हे काम करतेय, ताई. प्रत्येक आई हेच म्हणते." मुल्ला मॅडमचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "मुलीशी बोला. हळू बोला. उद्या दुपारी आम्ही घरी येतो."

*

त्या संध्याकाळी रणजितची मोटारसायकल फाटकाशी थांबली आणि केतकीनं हातातलं चहाचं पातेलं तसंच खाली ठेवलं. बारा वर्षं ओळखीचा आवाज. कॉलेजात असल्यापासून ती या आवाजाची वाट बघत आली होती.

"काय गं, आज चहा नाही?" असं म्हणत तो आत आला. उंचापुरा गडी, आवाज मोठा, वाऱ्यात ओरडून बोलायची सवय लागलेला. तळहातांवर दोरांचे घट्टे. केतकी त्या हातांकडं बघत राहिली. मुक्ता दारातच उभी होती. तिनं बापाला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं, मग त्याचा उजवा हात उलटा करून पाहिला, डावा पाहिला, आणि आत पळाली. हे ती रोज करायची. केतकीला आजवर तो खेळ वाटला होता.

रणजित अंघोळीला गेला तेव्हा केतकीनं मुक्ताला केस विंचरायला पुढ्यात घेतलं.

"मुक्ता, तुला बाबांची भीती वाटते का गं?"

मुक्ताची मान ताठ झाली.

"मी कुणाला नाही सांगणार. वाटते का?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"बाबांचं न् माझं. बाबा म्हणाले, आईला अजिबात सांगायचं नाही."

फणी केसांत तशीच अडकून राहिली. काय सांगायचं नाही, हा पुढचा प्रश्न केतकीच्या जिभेवर आला आणि तिथंच सुकला. तिला वाटलं, आता जे उत्तर येईल ते एकदा ऐकलं की परत न ऐकलेलं करता येणार नाही. बाथरूममधलं पाणी बंद झालं. तिनं घाईघाईनं वेणी घातली आणि मुक्ताला शेजारी खेळायला पाठवून दिलं.

त्या एका न विचारलेल्या प्रश्नासाठी तिनं पुढं स्वतःला कधी माफ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुल्ला मॅडम एका हवालदाराला घेऊन आल्या. रणजितला सड्यावरून बोलावून घेतलं होतं. तो कमरेच्या पट्ट्यासकटच आला. मॅडमनी नोटीस वाचून दाखवली. नव्वद दिवस, किंवा चौकशी पुरी होईपर्यंत. घरी यायचं नाही, शाळेकडं फिरकायचं नाही, फोन करायचा नाही.

रणजित आधी हसला. मग त्याचं हसू मावळलं.

"माझी भीती? मुक्ताला?" त्यानं केतकीकडं पाहिलं. "तुला काय वाटतं?"

केतकीनं नजर नोटिशीवर वळवली.

"केतकी. मी तुला विचारतोय. तुला काय वाटतं?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. रणजितनं पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि वरच्या कामगारांच्या चाळीत राहायला निघून गेला.

*

आता रेघ खाली यायला हवी होती. ती वर गेली.

नोटीस निघाल्यापासून केतकीला पालक म्हणून रोजची नोंद बघता येत होती. पहिल्या दिवशी ती चढली, दुसऱ्या दिवशी आणखी. पूर्वी संध्याकाळी सहा-चाळीसनंतर रेघ घसरून तळाला जायची, मूल रात्रभर शांत झोपायचं. आता ती तळाला जातच नव्हती. संबंधित व्यक्तीच्या जागी यंत्र लिहीत होतं : 'कोणी नाही.' मुक्ताचं जेवण तुटलं. शाळेच्या बाई म्हणाल्या, खिडकीतून बाहेर बघत बसते, हाक मारली तरी लक्ष नसतं.

मुल्ला मॅडम फोनवर म्हणाल्या, "दडपलेलं बाहेर येतं कधीकधी. दम धरा."

केतकीनं नऊ दिवस दम धरला. दहाव्या दिवशी ती मुक्ताच्या जुन्या रेघा पुन्हा काढून बसली आणि तिला एक गोष्ट खुपली. सहा-चाळीसला रणजित येतो आणि भीती उतरते. मारणारा माणूस घरात आल्यावर मूल निर्धास्त होईल कसं?

तिनं विभागाकडं कच्च्या नोंदी मागितल्या. पालकांना तो हक्क होता, पण कुणी मागत नसे, कारण त्यातलं कुणाला काही कळत नसे. पानांवर पानं आकडे होते, आणि प्रत्येक आकड्यापुढं यंत्रानं स्वतःसाठी ठेवलेली मूळ खूण होती. ती खूण फ्रेंचमध्ये होती. एकवीस दिवस आणि त्यानंतरचे नऊ दिवस, वरपासून खालपर्यंत एकच शब्द : क्रँत. क्रँत. क्रँत.

केतकीला अर्थ अंधुक आठवत होता. तिनं पुण्याला रोहिणीताई दिवेकरांना फोन लावला. त्यांनीच तिला फ्रेंच शिकवलं होतं. आता त्या ऐंशीला टेकल्या होत्या, पण आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"ताई, क्रँत म्हणजे काय?"

"बारा वर्षांनी फोन करतेस आणि एकदम क्रँत? बरी आहेस ना?"

"ताई, सांगा ना."

आवाजातलं काहीतरी त्यांना समजलं. "हे बघ. दार आपटलं की आपण दचकतो ना, ती फ्रेयर. कुत्रं अंगावर आलं, समोर उभं राहून गुरगुरतंय, ती प्यर. आपली भीती म्हणजे ही. आणि गल्लीच्या तोंडाशी कुत्रं बसलंय हे ठाऊक आहे, आपण अजून घरातच आहोत, चप्पल घालताना पोटात काहीतरी होतं, ती क्रँत. तिला समोर कुणी लागत नाही. पुढं काय होईल, यावर ती जगते."

"धास्ती," केतकी म्हणाली.

"अगदी बरोबर. धास्ती. आपल्याकडं वेगळा शब्द आहे, फ्रेंचांकडं आहे. इंग्रजांनी एकच पोतं आणलं आणि गहू, ज्वारी, बाजरी सगळं त्यात ओतलं. फियर म्हणून बांधून टाकलं."

"आणि ताई, ही धास्ती माणसाची असते, की..."

"दोन्ही. माणसाची धास्ती असते आणि माणसासाठीही असते. फ्रेंचमध्ये क्रियापद एकच, मध्ये एक चिमुकला शब्द घातला की 'त्याला भिते'चं 'त्याच्यासाठी भिते' होतं. तुझ्या त्या यंत्राला तो चिमुकला शब्द कळतो का?"

"नाही," केतकी म्हणाली. "त्याला फक्त घाम कळतो."

*

मुक्ता शाळेतून आली तेव्हा केतकी ओट्यावर नव्हती, जमिनीवर बसली होती. तिनं लेकीचं दप्तर उतरवलं आणि तिला शेजारी बसवलं.

"मुक्ता, तुला बाबांची धास्ती वाटते. त्यांना काहीतरी होईल अशी. हो ना?"

मुक्तानं आईकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही वाकडा झाला की केतकीला तिला धरावं लागलं. बराच वेळ नुसतं रडणं. मग शब्द आले, तुटक तुटक.

बाबांच्या फोनवर गाणी लावताना तिला एक व्हिडिओ सापडला होता. बाबांबरोबर वर चढणाऱ्या संपतकाकांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला. बाबा पवनचक्कीच्या पात्यावरून सुटले होते आणि एकाच दोरावर लोंबत होते. वारा त्यांना खांबावर आपटत होता. संपतकाका ओरडत होते, "रणजित, हालू नको! दोर तुटायला आलाय!" खाली गाड्या मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. बाबांनी तिला बघताना पकडलं. म्हणाले, आता काही नाही, नवा दोर मिळालाय. पण आईला अजिबात सांगायचं नाही, आई घाबरेल.

"शाळेच्या खिडकीतून सगळ्या पवनचक्क्या दिसतात," मुक्ता म्हणाली. "ज्यांचं काम चालू असतं ती थांबवतात. जी थांबलेली असते तिच्यावर बाबा असतात. मी तिच्याकडं बघत राहते. ती परत फिरायला लागली की बाबा खाली उतरलेले असतात. पण कधीकधी दोन थांबतात, आई. मग कुठल्या बाजूला बघायचं कळत नाही."

"आणि आता?"

"आता ते संध्याकाळी येतच नाहीत. मला कसं कळणार, उतरले का नाही?"

केतकीनं तिला पोटाशी घट्ट धरलं. कच्च्या नोंदींचे कागद बाजूला पडले होते. दहा दिवस तिनं आपल्या नवऱ्याच्या हातांबद्दल काय काय मनात आणलं होतं, ते सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तिला शिसारी आली. नवऱ्याची नव्हे, स्वतःची.

*

मुल्ला मॅडमनी कागद वाचले, रोहिणीताईंचं म्हणणं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तर तुमचं म्हणणं, ही भीती नाही, धास्ती आहे. म्हणून वडील निर्दोष."

"हो."

"ताई, ज्या मुलाला रोज संध्याकाळी पट्ट्यानं मार पडतो, त्याला पाच वाजल्यापासून काय वाटत असेल? समोर कुणी नाही. पुढं काय होणार ते ठाऊक आहे. सांगा ना, तुमच्या तक्त्यात त्याला काय म्हणतात?"

केतकीनं इतका विचारच केला नव्हता.

"क्रँतच म्हणणार ते यंत्र," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "तेव्हा शब्द बदलला म्हणून मी कुणाला सोडणार नाही. तुमची मुलगी मला सांगेल, तो संपत मला व्हिडिओ दाखवेल, आणि संध्याकाळी वडील आल्यावर रेघ उतरते हे मी डोळ्यांनी बघेन. मग सोडेन."

त्यांनी तसंच केलं. मुक्ताशी दोन तास बोलल्या. स्वतः सड्यावर जाऊन आल्या. पंधराव्या दिवशी नोटीस मागं घेतली.

रणजित घरी आला. मुक्ता अंगणात धावली आणि त्याच्यासमोर येऊन थांबली. त्यानं हात पुढं केले, मग मध्येच आवरले आणि केतकीकडं पाहिलं.

"उचलून घेऊ?" त्यानं विचारलं.

हे विचारणं केतकीच्या वर्मी लागलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिनं मान हलवली. त्यानं मुक्ताला उचललं, पण जरा लांब धरून, दुसऱ्याचं मूल धरावं तसं.

जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "मी जमिनीवरचं काम मागून घेतलंय. वर आता पोरं चढतील."

"रणजित, मी तेव्हा..."

"तू मला विचारलं का नाहीस? एवढंच सांग. मारलं असतंस, आरडाओरडा केला असतास, चाललं असतं. विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली."

"माझी?"

केतकीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "हो. दहा दिवस तुझी वाटली."

त्यानं ताटातली शितं बोटानं एका बाजूला केली. "मी पण तुला सांगितलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "दोराचं." मग उठून त्यानं ताटं उचलली. त्या दिवशी तेवढंच बोलणं झालं. पुढंही काही आठवडे ते एकमेकांशी पाहुण्यांसारखे जपून बोलत होते.

*

केतकीनं मग पत्र लिहिलं. विभागाला, आयुक्तांना, वर्तमानपत्रांना. मराठी तक्ता मी केला, असं तिनं नावासकट लिहिलं. सात शब्दांचे तीन कसे झाले, माणसाला भिणं आणि माणसासाठी भिणं एका रकान्यात कसं पडलं, ते सगळं मांडलं. शेवटी तिनं लिहिलं, की जिल्ह्यात अशा चारशे सतरा नोटिसा आहेत. प्रत्येक मुलाकडं कुणीतरी जावं, बसावं आणि विचारावं.

वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर मथळा दिला : 'शब्दाच्या चुकीमुळे चारशे घरं उद्‌ध्वस्त.' विचारण्याबद्दलची ओळ त्यांनी गाळली. आठवड्याभरात आंदोलनं झाली, विधानसभेत गदारोळ झाला, आणि आयुक्तांनी एका सहीनं चारशे सतराही नोटिसा रद्द केल्या. माणसं आपापल्या घरी गेली. सगळी. एकाच दिवशी.

केतकीनं बातमी दोनदा वाचली. मुल्ला मॅडमचा फोन आला तो तेवढ्यात.

"वाचलंत?"

"मॅडम, मी असं नव्हतं लिहिलं."

"मला ठाऊक आहे, काय लिहिलं होतं. माझ्याकडं तीन माणसं आहेत आणि चारशे सतरा घरं. कोर्टाचा कागद नाही, हवालदार नाही. नुसतं जाऊन बसायचं. येता?"

रणजित शेजारी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "जा," तो म्हणाला. "मुक्ताकडं मी बघतो."

पहिल्या दिवशी त्यांनी सहा घरं केली. एका घरातल्या मुलाला वडिलांच्या दम्याची धास्ती होती. दुसरीकडं आजोबा नुसते कडक होते. केतकीला वाटू लागलं, बहुतेक सगळीकडं असंच निघेल.

सातवं घर कोयनेच्या काठी, नव्या वसाहतीत होतं. भर दुपार होती. दार एका चाळिशीच्या माणसानं उघडलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. केतकीचं नाव ऐकताच त्याचा चेहरा उजळला.

"अहो, तुम्हीच का त्या? या, या. तुमच्यामुळंच घरी आलो. दोन महिने बाहेर काढलं होतं मला. शब्दाची चूक, आणि भोगलं आम्ही." तो आत वळला. "अगं, चहा टाक. स्नेहल, बाहेर ये. बघ कोण आलंय."

त्याच्या बायकोनं आतूनच नमस्कार केला, मान वर केली नाही. "काही नाही हो," ती म्हणाली, "मशीनच बिघडलेलं होतं. पेपरात आलंय ना."

स्नेहल बाहेर आली. बारा वर्षांची, सडपातळ, पूर्ण बाह्यांचा फ्रॉक. केतकीनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. पट्टी नव्हती. नोटिसा रद्द झाल्यावर पालकांनी हवी तर काढावी, अशी मुभा मिळाली होती.

"मला स्नेहलशी थोडं एकटं बोलायचंय," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

"एकटं कशाला? आता काय राहिलंय?" माणूस हसतच होता. "सरकारनंच सांगितलं ना, चूक झाली म्हणून. बोला, माझ्यासमोर बोला."

कुणाजवळ हुकूम नव्हता. कागद नव्हता. केतकी खुर्चीवरून उठली आणि स्नेहलच्या शेजारी जमिनीवर बसली. मुलीच्या श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता, इतकी ती आवरून बसली होती.

"स्नेहल," केतकी अगदी हळू म्हणाली, "तुला काय वाटतं?"

मुलीनं बापाकडं पाहिलं नाही. आईकडंही नाही. ती केतकीच्या कानाशी झुकली आणि इतकंच पुटपुटली, "तुम्ही किती वेळ बसणार आहात?"

"चहा घ्या आणि निघा," तो माणूस म्हणाला. त्याचं हसू अजून तसंच होतं. "आम्हालाही जेवायचंय."

मुल्ला मॅडमनी पर्स उचलली आणि केतकीकडं पाहिलं. केतकीनं मुलीचा थंडगार हात हातात घेतला. तिच्या स्वतःच्या पाठीतून भीती वर चढत होती, समोर उभी असलेली, खरीखुरी. दार उघडंच होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन पोलिसांना फोन करा. आले तर येतील. मी बसलेय इथंच."

आणि ती बसून राहिली.